केबिनच्या फ्लोअरवरचं बेडलायनर पुन्हा पुन्हा सुटतंय? आधी पापुद्रा उलटा करून बघा

पिकअपच्या किंवा जीपच्या केबिनमधलं कार्पेट काढलं, तळाच्या पत्र्यावर घरीच बेडलायनर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात मारतात ते जाड, खडबडीत संरक्षक कोटिंग, मारलं, काही महिने छान गेले. मग पावसाळ्यात दाराच्या उंबऱ्यापाशी किंवा ड्रायव्हरच्या टाचेखाली एक कडा उचलली गेली. नखाने ओढली तर वीतभर पट्टा हातात आला. बहुतेक जण अशा वेळी सुटलेला तुकडा कापतात, डब्यात उरलेलं कोटिंग त्यावर फिरवतात आणि गाडी वापरायला लागतात. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा सुटते, या वेळी दुप्पट मोठी.

दुसऱ्यांदा मारलेलं कोटिंग खराब असतं असं नाही. ते ज्या थराला चिकटलंय, तो थरच पत्र्याला धरून नसतो. तेलाचा पातळ थर, कच्चा प्रायमर, गंजाची पूड, डांबरी पॅड, यातलं काहीतरी मध्ये असतं आणि वरून कितीही हात दिले तरी ते जागचं हलत नाही. म्हणून दुरुस्ती सुरू करायच्या आधी सुटलेला पापुद्रा जपून ठेवा. त्याच्या पाठीवर कारण लिहिलेलं असतं.

इथे जे सांगितलंय ते दोन भागांच्या, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन कोटिंगबद्दल आहे. रॅप्टर हे त्यातलं आपल्याकडे सहज मिळणारं नाव. स्प्रे कॅनमध्ये मिळणारं एकघटकी बेडलायनर चाकाच्या कमानीत ठीक आहे. रोज बूट घासले जाणाऱ्या, ओल राहणाऱ्या फ्लोअरवर त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा ठेवू नये.

पापुद्र्याच्या पाठीवर काय दिसतं

उजेडात धरा, भिंग असेल तर घ्या, आणि पत्र्यावर उरलेली जागाही बघा. दोन्ही बाजू मिळून निदान होतं.

पाठ गुळगुळीत, चकचकीत आणि खाली गाडीचा मूळ रंग शाबूत असेल, तर पकडच मिळालेली नाही. एकतर पॉलिश पेपर नीट फिरला नाही, नाहीतर पेपर मारूनही पृष्ठभागावर तेल किंवा सिलिकॉन राहिलं.

पाठीला प्रायमर चिकटून आलाय आणि खाली उघडा पत्रा दिसतोय, तर कोटिंगने आपलं काम केलंय. प्रायमरने पत्रा सोडलाय.

पाठीवर तपकिरी पूड असेल तर गंज झाकला गेला होता. पूड ओली असेल तर पाणी अजूनही कुठून तरी येतंय.

पाठ आणि कापलेली कड मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्राछिद्रांची असेल, तर ओलाव्यात काम झालंय किंवा पहिलाच हात फार जाड मारलाय.

कोटिंग रबरासारखं मऊ आहे, नखाचा ठसा उमटून राहतो, हुंगल्यावर अजून थिनरचा वास येतो, तर मिश्रणाचं प्रमाण चुकलं किंवा हार्डनर खराब होता. असं कोटिंग आठवडाभर उन्हात ठेवूनही पिकत नाही, म्हणजे आतून कडक होत नाही. ते सगळंच्या सगळं काढावं लागतं, यात तडजोड नाही.

पाठीला काळं, उन्हात चिकट होणारं काही लागलं असेल, तर कंपनीने आवाज कमी करायला लावलेल्या डांबरी पॅडवरच कोटिंग मारलं गेलंय. बंद काचांची गाडी उन्हात उभी राहिली की हे पॅड नरम पडतात. वरचा कडक थर मग हलतो आणि तडकतो.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण: पुसण्याची पद्धत

गॅरेजमध्ये पत्रा डिझेलने किंवा रॉकेलने पुसायची सवय आहे. मळ निघतो, पत्रा चमकतो, आणि मागे न उडणारा तेलाचा थर राहतो. त्यावर कोणतंही पॉलियुरेथेन धरत नाही. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरचाही भरवसा धरू नका. त्यात काय काय मिसळलंय ते डब्यागणिक बदलतं आणि जुना रंग त्याने उगाच नरम पडतो. पेट्रोल तर केबिनमध्ये आणूच नका.

केबिनमध्ये आणखी एक शत्रू असतो, जो हौद्यात नसतो. तो म्हणजे डॅशबोर्ड पॉलिश. त्यातल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं. वर्षानुवर्षं मारलेल्या स्प्रेचा तुषार खाली फ्लोअरवर बसतो. कोटिंग मारल्या मारल्या गोल गोल खड्डे पडून मध्ये पत्रा दिसायला लागला, तर हेच झालंय समजा. त्यावर लगेच दुसरा हात मारून खड्डे बुजत नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलटं केलं की पॉलिश पेपर तेच सिलिकॉन ओरखड्यांच्या तळाशी नेऊन बसवतो. भांड्यांच्या लिक्विड साबणाने आणि कोमट पाण्याने ब्रश मारून दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढा, वाळू द्या. मग पेंटच्या दुकानात मिळणारं वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर घ्या. ते नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ग्रीसवर ते कमी पडतं. एका हातात भिजलेलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ओल्याने हातभर जागा पुसायची आणि ती उडून जायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायची. आपोआप वाळू दिलं तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. फडकी पांढरी सुती घ्या आणि बाजू सतत बदलत राहा; रंगीत चिंध्यांवर मळ दिसत नाही. घासून झाल्यावर धूळ उडवून हीच पुसणी पुन्हा एकदा करायची.

झालं की नाही हे पाणी सांगतं. स्प्रे बाटलीने साध्या पाण्याचा फवारा मारा. पाण्याची चादर सलग पसरून अर्धा मिनिट तशीच राहिली तर जागा स्वच्छ. थेंब थेंब होऊन पाणी आकसलं तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा पुसा. खर्च शून्य आणि उत्तर पक्कं, त्यामुळे ही चाचणी चुकवू नये.

घासण्यासाठी मूळ रंग शाबूत असेल तर १८० नंबर, उघड्या पत्र्यावर ८० ते १२०. कोपरे, घड्या आणि पत्र्याच्या उठावदार पट्ट्यांच्या कडेला पेपर पोचत नाही, तिथे लाल स्कॉचब्राइट (घासायचं खरखरीत पॅड). एकही चकाकणारा ठिपका राहता कामा नये. बॅटरी आडवी धरून बघा. ग्राइंडरला लावलेला वायर कप गंज काढायला चांगला, पण तो पत्रा घासून गुळगुळीत करतो. त्यानंतर पुन्हा ८० नंबरचा पेपर फिरवावाच लागतो.

रेड ऑक्साइडवर बेडलायनर

प्रायमरसकट सोललेल्या बऱ्याच फ्लोअरवर खाली हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर सापडतो. तो ग्रिल आणि गेटसाठी बनवलेला आहे. तो हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू पिकतो, हाताला तासाभरात कोरडा लागला तरी आतून कित्येक दिवस कच्चा असतो. त्यावर दोन घटकांचं कोटिंग पडलं की त्यातलं जोरदार सॉल्व्हंट त्याला नरम करतं, सुरकुत्या पाडतं आणि पत्र्यावरून उचलतं. कधी सुरकुत्या दिसतात, कधी काहीच दिसत नाही आणि थर नुसता सैल राहतो. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण तो पहिल्या पावसाळ्यापर्यंत लपून राहतो. एनसी लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरलेल्या जागांचंही हेच होतं.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला फडक्यावर टू-के (दोन घटकांच्या रंगाचं) थिनर घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा. रंग फडक्यावर आला किंवा नखाला नरम लागला तर तो एकघटकी आहे; पत्र्यापर्यंत काढा. काहीच झालं नाही तर घासून त्यावर काम करता येतं.

उघड्या पत्र्यावर एकच गोष्ट लावा: दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. दोन पातळ हात. तो मिसळल्यावर किती वेळ थांबायचं आणि किती तासांच्या आत त्यावर कोटिंग मारलं तर घासायची गरज नाही, हे प्रत्येक कंपनीच्या डेटाशीटवर (तांत्रिक माहितीपत्रकावर) असतं. ही मुदत उलटून गेली तर लाल स्कॉचब्राइट फिरवून प्रायमर पूर्ण मंद करा. प्रायमर शनिवारी आणि कोटिंग पुढच्या रविवारी, असं सुट्टीच्या हिशोबाने काम करणाऱ्यांकडून नेमकी हीच पायरी सुटते, आणि मग कोटिंग प्रायमरवरून स्वच्छ सोलून येतं.

ओलावा: हवेतला

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने बेसशी संयोग करावा ही अपेक्षा, पण त्याला पाणीही तितकंच आवडतं. पाण्याशी त्याची क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तेच ते फुगे. शिवाय तेवढं हार्डनर वाया जातं आणि कोटिंग नरम राहतं.

कोकणात जून ते सप्टेंबर हे काम करू नये. गॅरेज कितीही बंदिस्त असलं तरी हवा तीच असते. घाटावर आणि विदर्भात पावसाळ्याच्या मधल्या कोरड्या दिवसांत जमू शकतं, पण मोजून. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. दवबिंदू ढोबळपणे काढायला १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा आणि आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६, म्हणजे पत्रा २९ अंशांच्या वर हवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना हा हिशोब कामापुरता बरोबर येतो.

पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, पण उघड्या चकचकीत पत्र्यावर तो खोटं दाखवतो. मास्किंग टेपचा तुकडा पत्र्याला घट्ट चिकटवा, दहा मिनिटांनी त्या टेपवर नेम धरा. सकाळी लवकर सुरुवात करू नका. रात्रभर गार पडलेल्या पत्र्यावर डोळ्याला न दिसणारं दव असतं. दहा-साडेदहाला सुरू करून दुपारी तीनच्या आत शेवटचा हात संपवा, म्हणजे संध्याकाळचा गारठा येण्याआधी वरचा थर धरलेला असतो.

उलट टोकाला एप्रिल-मेची उन्हं. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. त्यावर कोटिंग पडताक्षणी वरून सुकतं आणि आतलं सॉल्व्हंट अडकतं. सावलीत गाडी लावून पत्रा ३५ अंशांच्या खाली येईपर्यंत थांबा.

ओलावा: गाडीतला

हे न शोधता कोटिंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. बेडलायनर स्वतःतून पाणी जाऊ देत नाही, पण पाणी कडेने, जोडातून, बोल्टच्या भोकातून खाली शिरतं आणि मग बाहेर पडायला जागा नसते.

क्लीनरच्या (ड्रायव्हरशेजारच्या) बाजूला ओल असेल तर आधी एसीची निचरा नळी बघा. एसी वीस मिनिटं चालवल्यावर गाडीखाली पाणी ठिबकलं पाहिजे. दमट दिवशीही ठिबकत नसेल तर नळी तुंबलीय आणि पाणी आत पडतंय. तीच ओल चिकट, गोडसर वासाची असेल तर ते हीटरच्या रेडिएटरमधलं कूलंट आहे. त्याच्या थरावर काहीच चिकटत नाही, गळती बंद करून साबणाने तीन-चारदा धुवावं लागतं.

ड्रायव्हरच्या बाजूला, क्लच पेडलच्या बरोबर खाली कोटिंग फुगून नरम झालं असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग) तपासा. त्याच्या मागून झिरपलेलं ब्रेक ऑइल फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरून, ओघळत खाली येतं आणि रंग, प्रायमर, कोटिंग सगळं खातं. ही फक्त कोटिंगची अडचण नाही, क्लच किंवा ब्रेक जायची सूचना आहे. आधी ते दुरुस्त करा.

दाराच्या उंबऱ्यापाशी पाणी येत असेल तर दाराच्या ट्रिममागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. म्युझिक सिस्टिम बसवताना तो हमखास फाडला जातो. बाकी उरतात पुढच्या काचेचं बीडिंग आणि फायरवॉलमधून जाणाऱ्या वायरिंगचे रबरी ग्रोमेट. एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही.

मासळी वाहणाऱ्या पिकअपचा वेगळा विचार करा. बर्फाचं खारं पाणी बुटांबरोबर केबिनमध्ये येतं आणि मीठ गंजाच्या खळग्यांत बसतं. नुसतं घासून ते जात नाही. घासल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, हीटगनने वाळवायचं, पुन्हा घासायचं, आणि त्याच दिवशी प्रायमर. किनाऱ्यावर उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक येते, मग सगळं पुन्हा.

आधी कुणी गळतीवर बाथरूमचं सिलिकॉन लावून ठेवलं असेल तर ते ब्लेडने कण न् कण काढा. सिलिकॉनवर कोणतंच कोटिंग धरत नाही. जोड भरायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. त्याला वरून साय यायला अर्धा-एक तास लागतो आणि आतून ते दिवसाला ३ मिमीच्या आसपास पिकतं, त्यामुळे जाड रेघ मारली असेल तर कोटिंगची घाई नको.

ठिगळ की सगळंच काढायचं?

फ्लोअरवर पाच जागा निवडा: दोन्ही बाजूंचे पाय ठेवायचे भाग, दोन्ही उंबरे, आणि मधला फुगवटा. धारदार कटरने पत्र्यापर्यंत सुमारे ४० मिमी लांबीच्या दोन रेघा एकमेकींना छेदून फुलीसारख्या कापा. त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट घासून बसवा, मिनिट-दीड मिनिटाने स्वतःवरच दुमडून झटक्यात ओढा. एएसटीएम डी३३५९ या रंगाची पकड तपासायच्या चाचणीतली जाड थरांसाठीची हीच पद्धत आहे. बेडलायनर खडबडीत असल्याने चिकटपट्टी नीट बसत नाही, म्हणून फुलीच्या टोकाखाली ब्लेड घालून उचलूनही बघा. कोटिंग तुकड्या-तुकड्याने तुटत असेल तर पकड चांगली. ब्लेड सरकून सलग उचललं जात असेल तर पकड गेलीय.

एकाच जागी, तेही पाण्याच्या वाटेवर सुटत असेल तर ठिगळ चालेल. दोन किंवा जास्त जागी सुटलं तर ठिगळाच्या नादी लागू नका.

काढायला हीटगन आणि ५० मिमी रुंदीचा कडक स्क्रेपर. कोटिंग नरम पडेल इतकीच उष्णता द्या. धूर दिसला किंवा झोंबणारा वास आला तर फार झालं. जळणाऱ्या पॉलियुरेथेनमधून पुन्हा आयसोसायनेट आणि इतर विषारी वायू निघतात. वायर कप लावू नका, कोटिंग वितळून पसरतं. रंग काढायचं केमिकल स्ट्रिपर केबिनसारख्या बंदिस्त जागेत वापरणं धोक्याचं आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि फ्लोअरवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशीच साचते. फ्लॅप डिस्क एका जागी धरून ठेवू नका, फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो.

गंजलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. आरपार गेला तर बेडलायनर हा उपाय नाही. नवा पत्रा वेल्ड करून दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोटिंग झाल्यावर खालून वेल्डिंग करता येत नाही, पेट घेतं. तेव्हा आधी गाडीखाली जाऊन सगळं बघून घ्या. गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रसायन लावलं असेल तर डब्यावरच्या सूचनेप्रमाणे ते धुऊन काढा. मागे राहिलेल्या आम्लामुळे इपॉक्सी नीट पिकत नाही.

माल किती लागेल

अंदाजाने घेऊ नका. फ्लोअर, उंबऱ्याची आतली बाजू, फायरवॉलचा खालचा भाग हे सगळं टेपने मोजा. डबल केबिनचं क्षेत्र साधारण ३.५ चौरस मीटर धरू. वाळल्यावर ०.४ मिमी जाडी हवी आणि डेटाशीटवर घन घटकांचं प्रमाण आकारमानाने ५५ टक्के दिलंय असं समजा. मग ३.५ गुणिले ०.४ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे २.५ लिटर. रोलर, ट्रे आणि कोपऱ्यांत वाया जाणारं धरून ३ लिटर. यापेक्षा बरंच कमी लागलं तर थर पातळ झालाय, आणि टाचेखाली तो सहा महिन्यांत झिजेल.

रॅप्टरमध्ये बेस तीन भाग आणि हार्डनर एक भाग. प्रमाण आकारमानाचं आहे, वजनाचं नाही. किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजलं तर चुकतं, कारण दोन्हींची घनता सारखी नसते. रोलरने करताना पूर्ण बाटली एकदम मिसळू नका. ३०० मिली बेस आणि १०० मिली हार्डनर मापाच्या कपात घ्या, संपलं की पुढचं. बेसच्या तळाशी जड भाग बसलेला असतो. ओतण्याआधी बाटली दोन मिनिटं जोरात हलवा, काठीने तळ खरवडून बघा. हे न करता वरचं वरचं ओतलं तर पहिला कप नुसतं राळेचं पाणी आणि शेवटचा नुसता भुसा. गरमीत मिश्रणाचं आयुष्य झपाट्याने घटतं. २० अंशांना तासभर टिकणारं मिश्रण ३५ अंशांना अर्ध्या तासातही घट्ट होऊ लागतं. घट्ट झालेल्यात थिनर घालून ते चालवायचा मोह टाळा.

हार्डनरचा डबा एकदा उघडला की हवेतली ओल त्यात शिरते. गढूळ झालेलं, तोंडाशी पांढरी खपली धरलेलं हार्डनर टाकून द्या. गेल्या वर्षीची उरलेली अर्धी बाटली वापरून मऊ राहिलेली फ्लोअर पुष्कळ आहेत.

मारताना

केबिनच्या आत रोलरच बरा. गनने पोत एकसारखा येतो हे खरं, पण आयसोसायनेटचा तुषार बंद जागेत श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्याचा वास धोका कळण्याइतका लवकर येत नाही, त्यामुळे मास्कचं फिल्टर संपलंय हे नाकाला समजत नाही. स्प्रे करायचाच असेल तर बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर स्प्रे नाही. रोलरलाही सेंद्रिय वाफेसाठीचं नवं कार्ट्रिज आणि धूळ-फिल्टर असलेला मास्क, नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, चारही दारं उघडी. कापडी मास्क किंवा एन९५ वाफेला काहीच अडवत नाही. दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याला द्यावं.

सीट काढण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्टचे असतात. सीट आणि बेल्टच्या बोल्टच्या आट्यांमध्ये जुने बोल्ट फिरवून ठेवा, म्हणजे आत कोटिंग जाणार नाही. सीटचे पाय जिथे पत्र्यावर टेकतात त्या जागेवर बेडलायनर मारू नका, इपॉक्सी आणि साधा रंग पुरे. जाड, नरम थरावर बोल्ट आवळला की थर हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण जातो. अर्थिंगचे बिंदू आणि चॅसी नंबरही झाका. निचऱ्याचे रबरी प्लग काढून बाहेर ठेवा. २०२० नंतरच्या थारसारख्या धुता येणाऱ्या फ्लोअरमध्ये हे प्लग वापरायचेच असतात, कोटिंगने ते कायमचे बंद करू नका.

आधी ब्रशने कोपरे आणि जोड, मग रोलर. पहिला हात पातळ. खालचा रंग मधून मधून दिसला तरी चालेल. जाड पहिला हात हेच फुग्यांचं दुसरं मोठं कारण आहे. साधारण तासाभराने, बोटाला चिकट लागतं पण धागा निघत नाही, अशा वेळी दुसरा हात आडव्या दिशेने. डेटाशीटवर दिलेली कमाल मुदत उलटली तर घासल्याशिवाय तिसरा हात देऊ नका.

मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच, मागे दुमडून काढा. कोटिंग पिकल्यावर ओढलेली टेप कडेचा थर फाडते, आणि पुढच्या वर्षीची सोलणूक तिथूनच सुरू होते. कोटिंगची कड उघड्यावर संपवू नका. ती दाराच्या स्कफ प्लेटखाली (उंबऱ्यावरच्या पट्टीखाली) किंवा रबर बीडिंगखाली गेली पाहिजे. जिथे शक्य नाही तिथे पिकल्यावर पीयू सीलंटची बारीक रेघ मारून बोटाने दाबून घ्या.

ठिगळ मारत असाल तर सुटलेला भाग पक्क्या कडेपर्यंत कापा, कड ८० नंबरने उतरती करा, भोवतीचं चांगलं कोटिंग ५० ते ७५ मिमी घासा. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी, मग दोन हात, दुसरा घासलेल्या पट्ट्यावर चढवून. पोत जुळवायला दुसरा हात ओढू नका, स्पंजने टपटप दाबा.

पहिले दोन दिवस गाडी सावलीत, दारं किंवा काचा उघड्या ठेवून. या काळात एसी लावून आत बसू नये. हलके पाय दोन-तीन दिवसांनी, सीट त्यानंतर, आणि रबरी मॅट सात दिवसांच्या आत नाही. मॅटखाली अडकलेलं सॉल्व्हंट कोटिंग पुन्हा नरम करतं आणि मॅटची नक्षी त्यात कायमची उमटते. सीट आणि बेल्टचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंच लावून एकदा तपासा.